घरचं वाक्य

आप्पा,

तुमच्या दहाव्याला पप्पांनी माईकवर तुमचं कौतुक केलं आणि त्या कौतुकात तुम्हाला पकडून दिलं. आपण काय करतोय हे त्यांना बोलताना कळलंही नाही. तुम्हाला मात्र लगेच कळलं असतं.

पारगावच्या पुलाजवळ, नदीकाठी मंडप होता. विधी उरकले, प्रवचन झालं आणि आपल्याकडे होतात तशी श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आधी पुढारी, मग सोसायटीवाले, मग तुमचे जुने विद्यार्थी. एकाने तुम्हाला ज्ञानाचा सागर म्हटलं, दुसऱ्याने वटवृक्ष. तुम्ही माझ्या शेजारी बसलेले असतात तर पुटपुटला असतात, "सागर का झाड, एक कायतरी ठरवा म्हणावं." मला तिथेही हसू आलं. त्याआधी मी रडत होते, हे तुम्हाला सांगायला हवं. तोवर ते रडणं साधं होतं.

मग निवेदकाने पप्पांना बोलावलं. पप्पा तुमचे शाळेतले विद्यार्थी, न्हावऱ्याच्या सोसायटीचे चेअरमन, भाषणांची सवय असलेले. पण त्या दिवशी त्यांना सुरुवात सापडेना. माईक दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "सरांनी माझ्यावर एक उपकार केलाय. तो मी आजवर कुणाला सांगितला न्हाई, कारण सरच म्हणाले होते, दत्ता, माझं नाव घेऊ नको. पण आज सर न्हाईत. आज नाव घ्यायलाच पाहिजे." मग त्यांनी सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात त्यांची मुलगी घरात कुणाला न सांगता हैदराबादला शिकायला निघाली होती. सर एका संध्याकाळी घरी आले, त्यांना गोठ्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, पोरीला अडव, पण रागवू नको. "माझी पोरगी आज माझ्या घरात हाय ती सरांमुळं. असा माणूस पुन्हा व्हायचा न्हाई."

मंडपात माना हलल्या. माझ्या मागे बसलेली एक बाई म्हणाली, "मास्तर माणूसच तसा. दुसऱ्याच्या घराचीबी काळजी."

मी बायकांच्या बाजूला बसले होते, शेजारी रूपाली वहिनी. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात निवेदकाने पुढचं नाव पुकारलं, आणि ते माझं होतं. "सरांची लाडकी विद्यार्थिनी आणि क्लासमधली सहकारी, अनुजाताई."

मी काय बोलले ते नंतर सांगते. आधी मला तुमच्याशी मागचं बोलायचं आहे. हे मी वर्षभरापूर्वीच बोलायला हवं होतं, पण तेव्हा कुणाशी बोलायचं आहे हेच मला माहीत नव्हतं.

*

मी पुण्याहून पदवी घेऊन घरी आले त्या वर्षी तुम्ही आमच्याकडे आलात. ओसरीवर बसलात, पाणी प्यायलात आणि थेट म्हणालात, "दत्ता, तुझी पोरगी मला क्लासला दे."

"ती कुणाशी बोलत न्हाई सर," पप्पा म्हणाले.

"इंग्रजी बोलती का?"

"एवढं इंग्लिश मिडियमला घातलीय, बोलत असंल. आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मग बास झालं."

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. माझ्याबद्दल बोलताना लोक नेहमी मी तिथे नसल्यासारखे बोलतात, आणि मीही तशीच उभी असते. तुम्ही दाराकडे न बघता म्हणालात, "दाराआडच्या मॅडम, उद्या साडेचारला फाट्यावर थांबा."

तुम्ही केडगावहून स्कूटरवर यायचात, न्हावऱ्याच्या फाट्यावर मला घ्यायचात आणि आपण शिरूरला जायचो. खतांच्या दुकानावरची ती खोली. रविवारी उलटं, मी तुमच्यासोबत केडगावच्या बॅचला. पहिल्याच दिवशी वाऱ्यात ओरडून तुम्ही मला कामाची वाटणी सांगितली होती. "मला इंग्रजी येतं, पण बोलता येत न्हाई. तुला बोलता येतं, पण ते तसं का, ते सांगता येत न्हाई. दोघांचा मिळून एक मास्तर होतो."

ते खरंच होतं. मी शाळेत मराठी बोलले तर बाकावर उभी राहत होते, त्यामुळे इंग्रजी माझ्या कानात बसलं होतं, डोक्यात नाही. वर्गात कुणी विचारलं की इथे बॉरो का आणि तिथे लेंड का, तर मी म्हणायचे, "असंच असतं." तुम्ही खडू खाली ठेवायचात. "असंच म्हंजी कसं?" आणि मग मला विचार करावा लागायचा. माझ्याकडून असा विचार आधी कुणी करून घेतला नव्हता.

तुमचं म्हणणं असं होतं की आपला माणूस इंग्रजीत जास्त करून तिथं अडखळतो, जिथं आपल्याकडे एक शब्द आहे आणि त्यांच्याकडे दोन. आपण उसनं घेतो आणि उसनंच देतो. त्यांच्याकडे घेणाऱ्याचा शब्द वेगळा, देणाऱ्याचा वेगळा. आपण आवाजही ऐकतो आणि वडिलांचंही ऐकतो. त्यांच्याकडे हिअर वेगळं, लिसन वेगळं. रोज संध्याकाळी फळ्यावर एक जोडी. आणि तुमचा एकच नियम, की वाक्य घरचं पाहिजे आणि खरं पाहिजे. "राम आंबा खातो, असली वाक्यं गाइडात ठेवा. खोटं वाक्य डोक्यात राहत न्हाई."

रांजणगावच्या कंपनीत मशीनवर काम करणारा संतोष उभा राहिला तो दिवस आठवतो? त्याला सुपरवायझर व्हायचं होतं. तो म्हणाला, "माय ब्रदर-इन-लॉ बॉरोड माय मोटरसायकल. आय डिड नॉट लेंड."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग चोरली म्हण की."

"मेव्हणा हाय, चोरली कसं म्हणू?"

"बहिणीला विचार, ती म्हणंल."

सगळा वर्ग हसला आणि ती जोडी नंतर कुणीच चुकलं नाही. तुम्ही खूश होऊन माझ्याकडे बघितलंत. बघ, असं शिकवायचं असतं.

तुम्ही स्वतःही वाक्य द्यायचात. सावली या एका शब्दाच्या शेड आणि शॅडो या जोडीला तुम्ही तुमच्या वडिलांच्या मेंढरांची गोष्ट सांगितलीत. रखरखत्या दुपारी माळावर झाड नसलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात. ती शॅडो का शेड? मी म्हणाले, शॅडो, कारण ती मेंढराची आकृती आहे. तुम्ही म्हणालात, शेड, कारण तिथं गार वाटतं. "मेंढराला विचार, ते काय आकृती बघायला गेलंय व्हय?" केडगावपर्यंत आपण भांडलो. पुढच्या रविवारीही भांडलो. तुम्ही हरला नाहीत आणि मीही नाही. आयुष्यात मी कुणाशी इतकं मोकळेपणाने भांडले असेन असं मला आठवत नाही.

आणि माझ्या पहिल्या आठवड्यातली ती लाजेची जोडी. तुम्ही माझी ओळख करून देताना म्हणालात, मॅडम शाय आहेत. कुणीतरी विचारलं, शाय आणि अशेम्ड एकच ना सर, दोन्ही म्हंजी लाज? मी मान खाली घातली होती. तुम्ही म्हणालात, "चार माणसं बघत्यात म्हणून वाटती ती शाय. कुणीच बघत नसताना वाटती ती अशेम्ड. मॅडमना पहिली हाय. दुसरी वाटावी असं त्यांनी काय केलेलं न्हाई." मी खाली बघतच राहिले, पण त्या दिवसापासून वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ लागला.

हे सगळं तुम्ही मला दिलंत. ते मी नाकारत नाही. तुमच्यावर नुसतं रागावता आलं असतं तर सोपं होतं.

*

मी मात्र कधी घरचं वाक्य दिलं नाही. माझी वाक्यं शेजाऱ्यांची असायची, नाहीतर पुण्याच्या होस्टेलमधली. तुमच्या ते लक्षात होतं. तुम्ही मधूनमधून विचारायचात, "मॅडम, तुमचं वाक्य कवा?" मी हसून टाळायचे. तुम्ही सोडलं नाहीत. कधी स्कूटरवर, कधी वर्ग सुटल्यावर खिडक्या लावताना, पण विचारत राहिलात.

मागच्या एप्रिलमध्ये, केडगावहून परत येताना, पुलाच्या अलीकडच्या रसवंतीवर आपण थांबलो होतो. मी म्हणाले, "आप्पा, माझं एक वाक्य आहे."

तुम्ही ग्लास खाली ठेवलात. "घरचं?"

"घरचं. पण घरात कुणाला माहीत नाही."

मी ते इंग्रजीत बोलले. तुम्ही मान हलवलीत. "मराठीत सांग. इंग्रजीत लपायला तुला लई जागा असती."

म्हणून मी मराठीत सांगितलं. हैदराबादच्या विद्यापीठात माझी निवड झाली आहे. इंग्रजी कसं शिकवायचं याचं शिक्षण, दोन वर्षांचं. आणि मला जायचं आहे. "मला जायचं आहे" हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होते. तुमच्या फळ्यावरच्या जोड्यांमधूनच ते माझ्या मनात आलं होतं, हेही मी सांगितलं. तुमचे डोळे भरले, ते मी पाहिलं. मी सगळं बघत असते, आप्पा, पण त्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही.

"मला एकट्याला सांगितलं?"

"हो."

"दत्ताला सांगायचं काम माझं," तुम्ही म्हणालात. "पण तू समोर पाहिजेस. होस्टेलचं तेवढं नक्की होऊ दे. मग दोघं जाऊन बसू. मी बोलतो, तू नुसती मान हलव."

मी हसले. मान हलवणं मला जमण्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात मी कांद्याच्या चाळीत आईसोबत कांदे निवडत होते. पप्पा आले, आईला चहा करायला पाठवलं आणि तिच्या जागेवर बसले. एक खराब कांदा बाजूला टाकत त्यांनी विचारलं, "हैदराबादला आपलं कोण हाय?"

माझे हात थांबले. "कुणी नाही."

"मग कुणाकडं चाललीस?"

ते कांदे निवडत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. मला कधी लागलं-खुपलं तर तो काढायचे तोच आवाज होता तो. म्हणाले, इतक्या लांब नको. पुण्यात काय असेल तर बघू. मग मला पाणी आणायला सांगितलं. ते ओरडले असते तर मीही ओरडले असते, निदान रडले तरी असते. शांत बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला येत नाही. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं, कारण आपण इतकी वर्षं फक्त चढ्या आवाजातच भांडलो होतो.

पोरीला अडव, पण रागवू नको. मंडपात हे ऐकून बायकांना वाटलं, केवढी माया. मलाही आधी क्षणभर तसंच वाटलं. मग कळलं की मला थांबवायचा तेवढा एकच रस्ता होता आणि तो तुम्ही पप्पांना दाखवून दिलात.

जागा पक्की करायची मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपली. मी काहीच केलं नाही. नातेवाईक म्हणाले, पोरगी ऐकणारी आहे.

*

हे मी समजून घेण्याचा प्रयत्न करते आहे. पप्पा तुमचे विद्यार्थी माझ्याआधीपासूनचे. त्यांच्या घरी जेवलेलं अन्न, त्यांनी तुमच्यावर टाकलेला भरवसा, पोरगी परस्पर गेली असती तर त्यांनी तुम्हाला काय विचारलं असतं, हे सगळं तुमच्या डोक्यात आलं असेल. किंवा मी गेल्यावर शिरूरची खोली बंद झाली असती, कारण अर्धा मास्तर निघून गेला असता. किंवा तुम्हाला खरोखरच भीती वाटली असेल, की जी मुलगी चहावाल्याला दुसरा कप मागू शकत नाही ती परक्या शहरात काय करेल. यातलं कुठलंही असतं तरी तुम्ही मला सांगू शकला असतात. मी रडले असते, पण ऐकून घेतलं असतं. तुम्ही समोर बसवून नको म्हणाला असतात तर ती आपली अजून एक न मिटलेली वादावादी झाली असती.

तुम्ही मला समोर बसवलं नाहीत. गोठ्याकडे गेलात.

आणि त्याहून मला जे गिळता येत नाही ते वहिनीचं. विद्यापीठाचा फोन एकदा तिने उचलला होता, म्हणून मला वाटलं, तिनेच सांगितलं. मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी न्हाई सांगितलं, अनूताई. त्या बाईनं फोनवर काय इंग्रजी फाडलं तेच मला कळलं न्हाई, मी सांगू काय?" मला ते नाटक वाटलं. ती दादाशी लग्न करून केंदूरहून या घरात आलेली, माझ्यापेक्षा थोडीच मोठी, आणि घरात तिच्याशी हसणारी मी एकटी होते. तिच्याशी बोलणं बंद झालं. मीठ दे, दार लाव, एवढंच.

हे मी तुम्हाला स्कूटरवर सांगितलं होतं. वारा होता, म्हणून मी तुमच्या कानाजवळ येऊन म्हणाले, "वहिनीनेच सांगितलं, आप्पा. मला खात्री आहे." तुमची मान किंचित ताठ झाली, ते मी पाठीमागून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. घरातल्या घरात कशाला." आणि स्कूटर थोडी जोरात घेतलीत.

मला वाटलं, तुम्ही समेट करताय.

तुमचं ते वाक्य मी आता पुन्हा पुन्हा तपासते. त्यात खोटं काहीच नाही. रसवंतीवरचा शब्द मोडलात, पण खोटं वाक्य तुम्ही माझ्याशी एकही बोलला नाहीत. बिलीव्ह आणि ट्रस्टची जोडी शिकवताना तुम्हीच सांगितलं होतं, एखाद्याचं बोलणं खरं मानणं म्हंजी बिलीव्ह, आन् माणूसच खरा मानणं म्हंजी ट्रस्ट. वर्ग वहीत उतरवत होता. तेव्हा कुणी विचारलं नाही, की ज्याचं प्रत्येक बोलणं खरं आहे, त्याच्याबद्दल बिलीव्ह उरतं आणि ट्रस्ट जातं तेव्हा काय करायचं.

त्या उन्हाळ्यानंतर तुम्ही बदलला होतात. तेही मी पाहिलं होतं, पण चुकीचं वाचलं. तुम्ही माझं घरचं वाक्य मागणं बंद केलंत. केडगावची अख्खी बॅच मला दिलीत. क्लासच्या फ्लेक्सवर तुमच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात माझं नाव आलं. तुमच्या घरून काकू माझ्यासाठी पेरू पाठवायला लागल्या, निवडून, पिशवीत वरून कागद घालून. मी घरी आईला म्हणाले होते, आप्पा मला बरोबरीचं मानतात आता. ते पेरू मी किती आवडीने खाल्ले.

आता वाटतं, रात्री-बेरात्री नाही, चारचौघांत नाही, त्या रिकाम्या खोलीत फळा पुसताना तुम्हाला ती दुसरी लाज वाटत होती का? वाटत असली तर तुम्ही ती माझ्यापर्यंत येऊ दिली नाहीत. मला त्याचा फार राग येतो. माझं वाक्य तुम्ही कितीदा मागितलंत, आप्पा. तुमचं एक माझ्याकडे द्यायचं राहिलं.

*

तर माझं नाव पुकारलं गेलं.

मी जागची हलले नाही. वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा. पुकारत्यात."

मी गेले. समोर पहिल्या रांगेत पप्पा टॉवेलने डोळे पुसत होते. माईक माझ्या उंचीला कुणीतरी खाली केला. मी घरून चार चांगली वाक्यं तयार करून आणली होती. त्यात उपकार होते, संस्कार होते, पोकळी होती. त्यातलं एकही मला उच्चारता येईना.

मी म्हणाले, "आप्पा सांगायचे, वाक्य घरचं आणि खरं पाहिजे. पप्पा आत्ता बोलले ते खरं आहे. आप्पांनीच सांगितलं. मी ते फक्त आप्पांना सांगितलं होतं. रूपाली वहिनीने काहीही सांगितलं नव्हतं." एवढं बोलून मी थांबले. हात जोडले आणि माईकपासून मागे झाले.

निवेदक म्हणाला, "धन्यवाद ताई. अतिशय भावपूर्ण." आणि त्याने पुढचं नाव घेतलं.

आप्पा, लोकांना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. बऱ्याच जणांनी मान हलवली, एका म्हाताऱ्यांनी मला हात वर करून आशीर्वाद दिला. मंडपात तीनच माणसांना कळलं, पप्पांना, वहिनीला आणि मला. पप्पांचा टॉवेल तोंडाजवळ तसाच राहिला. मी परत येऊन बसले तेव्हा वहिनीने तिच्या साडीचा घोळ आवरून मला जागा केली. काकूंकडे मात्र मी बघितलं. त्या खाली बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं असं मला वाटतं. नसेलही.

परतताना साखर कारखान्याच्या चौकाशी पप्पांनी गाडीची काच वर केली. मग म्हणाले, "चार माणसांत असं बोलायचं असतं व्हय?"

"सुरुवात तुम्ही केली."

"मी सरांचं चांगलंच बोललो."

"मीपण खोटं नाही बोलले."

मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "अनूताई एवढं बोलल्या, तेच लई झालं." कुणी हसलं नाही.

घरी गेल्यावर स्वयंपाकघरात मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. कसं बोलायचं ते जमवत होते. तिने पातेल्यावरचं झाकण काढत विचारलं, "काय पाहिजे? वर्षभर मीठ मागितलं. आता साखर मागणार का काय?" मी रडायला लागले. तिने मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. माझ्यासमोर लसणाचा गड्डा ठेवला, म्हणून मी तो सोलला. आम्ही अजून पहिल्यासारख्या नाही. ते वर्ष तुम्ही आम्हा दोघींकडून घेतलंत, आणि ते मागायला आता जागा नाही.

सोमवारी मी शिरूरला एसटीने गेले. क्लासची किल्ली काकूंनी पाठवली होती. संतोष जिन्यात वाट बघत होता, बाकीचेही आले होते. सगळे उभे राहिले, कुणीतरी तुमच्या खुर्चीला हार घातला होता. मी फळ्यावर जोडी लिहिली, अलोन आणि लोनली. आपल्याकडे दोन्ही एकटंच. फरक सांगितला. तुमच्यासारखा जमला नाही, पण जमला. मग वाक्यं द्यायची वेळ आली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. एक मुलगी उठली, तिने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ती काहीतरी घरातलं, आतलं सांगणार आहे. मी तिला थांबवलं.

"बनवलेलं वाक्य चालेल," मी म्हणाले. "घरचंच पाहिजे असं नाही."

संतोष म्हणाला, "मॅडम, सर म्हणायचे खोटं डोक्यात राहत न्हाई."

"नाही राहिलं तर पुन्हा शिकू."

त्या मुलीने राम आणि आंब्याचं काहीतरी वाक्य केलं. त्यात चूक होती, मी ती दुरुस्त केली. वर्ग नेहमीपेक्षा लवकर सुटला. तुमचा तो नियम उत्तम होता, आप्पा. मला माहीत असलेला शिकवण्याचा सगळ्यात चांगला मार्ग तोच आहे. पण तो वापरायचा तर समोरच्याने दिलेलं वाक्य सांभाळता आलं पाहिजे, आणि ते मला येतं की नाही हे मला अजून ठाऊक नाही. तुमच्याकडे बघून मी ते शिकणार होते.

हैदराबादला मी पुन्हा अर्ज केला आहे. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि काल दुपारी उशिरा, शेतातून आल्यावर सगळे जेवायला बसले असताना मी ते सांगितलं. आधी कुणालाही नाही, कुणा एकाला नाही. पप्पा, आई, दादा, वहिनी, सगळे एका वेळी समोर. या वेळी माझा आवाज आमटीच्या पातेल्यापलीकडे पोहोचला.

दादा म्हणाला, "परत तेच?" आईने पप्पांकडे बघितलं. वहिनी भाकरी मोडायची थांबली.

पप्पांनी घास संपवला. "आन् मी न्हाई म्हटलं तर?"

"तर ते मला सांगा," मी म्हणाले. "मी हितंच बसलेय."

ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. आमटी मागितली. आता मी जाईन की नाही ते मला ठाऊक नाही, पण घरातल्या घरात त्यावर बोलणं चालू आहे आणि ते माझ्या समोर चालू आहे. कुणी गुपचूप जाऊन कुणाला सांगावं असं त्यात काही उरलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी हात धुवायला मोरीत गेले आणि पाण्याखाली हात धरून तशीच उभी राहिले. साडेचार व्हायला आले होते. माझ्या मनात आलं होतं, आता फाट्यावर जाऊन हे आप्पांना सांगायला पाहिजे. एवढं सगळं कळूनसुद्धा, आप्पा, मी आधी तुम्हालाच सांगायला निघाले होते.